साबुदाण्याचे चुलत भाऊ: ब्राझीलच्या दुकानातून खाऊ आणताना

साओ पावलोला आल्यावर पहिल्या शनिवारी मी घराजवळच्या सुपरमार्केटात गेले आणि पाऊण तासाने केळी, दूध आणि ओळखीच्या कंपनीचं वेफर्सचं एक पाकीट एवढंच घेऊन परतले. मधल्या वेळात मी बिस्किटांच्या रांगेत उभी राहून फोनचा कॅमेरा पाकिटांवर धरत होते. भाषांतर करणाऱ्या ॲपने मला 'आगाऊ पोराचा पाय', 'सासूचा डोळा', 'मऊ मारिया' आणि 'उसासा' असे चार पदार्थ दाखवले. मी घाबरून केळ्यांकडे गेले.

हे चारही खरे पदार्थ आहेत. पहिला म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की, दुसरा सुक्या आलुबुखाऱ्यात भरलेलं खोबऱ्याचं सारण, तिसरा खोबऱ्यात घोळवलेली स्पंजासारखी वडी आणि चौथा अंड्याच्या पांढऱ्याचा साखरेत फेटून भाजलेला फेस. ॲप खोटं बोलत नव्हतं, पण ॲपच्या भरवशावर इथे खाऊ घेता येत नाही. नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींचा हा पाऊण तास वाचावा म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला किंवा न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात राहणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण तिथल्या ब्राझिलियन दुकानांत हाच माल असतो.

आधी वाचायला शिका

इथली भाषा पोर्तुगीज, पण लिपी रोमन आहे म्हणून आपण इंग्रजीसारखं वाचतो आणि दुकानदाराला काही कळत नाही. पाच नियम पाठ करा. शब्दाच्या सुरुवातीचा 'आर' म्हणजे ह. 'टी'पुढे 'आय' आला की ची, 'डी'पुढे 'आय' आला की जी. शब्दाच्या शेवटी 'ई' असेल तरी बहुधा हेच होतं. शेवटचा 'ओ' म्हणजे ऊ. 'एन-एच' म्हणजे न्य, 'एल-एच' म्हणजे ल्य. आणि 'सी'च्या खाली शेपटी दिसली तर स. हे साओ पावलो-रिओकडचे उच्चार झाले. ईशान्येकडे, म्हणजे पेर्नांबुकूच्या बाजूला, ची-जीच्या जागी बऱ्याच ठिकाणी ती-दी ऐकू येईल.

काही शब्द तर तुम्हाला येतातच. पाव हा शब्द पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणला. बटाटा तसाच, अननसही. काजूचं झाडच मुळात ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणलं आणि त्याचं नाव तुपी या इथल्या मूळ भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्या तोंडी बसलं. त्यामुळे बेकरीत जाऊन 'पाव' म्हटलंत तर समोरचा माणूस पाव देईल. स्वर जरा नाकातून काढा, इतकंच.

शाकाहारी असाल तर हे शब्द फ्रिजवर चिकटवा

भारतातला हिरवा ठिपका इथे नाही. सगळा भार वाचण्यावर आहे. माझी पहिली फजिती सांगते. एका बेकरीच्या काचेच्या कपाटात थेंबाच्या आकाराचे, सोनेरी तळलेले, बटाटेवड्याच्या नात्यातले वाटावेत असे गोळे होते. मी पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं, 'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय. काउंटरवरच्या मुलीने हसून मान डोलावली आणि एक गोळा दिला. तो कोशिन्या होता. आत कोंबडी. तिचं काही चुकलं नव्हतं. इथे बोलताना कार्नी म्हणजे गाईचं-बैलाचं मांस. कोंबडी, हॅम आणि मासे त्यात मोजतच नाहीत.

म्हणून नुसतं सें कार्नी म्हणू नका. 'सें कार्नी, सें फ्रांगू, सें प्रेझुंतू, सें पेइशी' असं चौघांचं नाव घ्या: मांस, कोंबडी, हॅम, मासा. शेवटी 'सोउ व्हेजेतारियाना' जोडा, पुरुषांनी 'व्हेजेतारियानू'. याशिवाय कालाब्रेझा म्हणजे डुकराचं सॉसेज, बेकन तर कळेलच, आणि तोहेस्मू म्हणजे डुकराची तळलेली कातडी. ती वेफर्सच्या रांगेत, वेफर्सच्याच थाटात टांगलेली असते. मका किंवा बटाट्याच्या कुरकुऱ्या चकल्यांवर बेकनचा स्वाद फार आवडीने घालतात, तेव्हा पाकिटाचा रंग बघून उचलू नका.

गोडाच्या रांगेत धोका वेगळा आहे. जेलाचीना म्हणजे जिलेटिन. ती 'मऊ मारिया', म्हणजे मारिया-मोली, जवळजवळ सगळी जिलेटिनवर उभी असते. बान्या म्हणजे डुकराची चरबी. काही घरगुती पद्धतीच्या बिस्किटांत आणि खाऱ्या पाऱ्यांत असते. गोर्दुरा व्हेजेताऊ लिहिलं असेल तर ते वनस्पती तूप, काळजी नाही. कार्मीं किंवा कोशोनिल्या दिसलं तर तो किड्यापासून काढलेला लाल रंग, स्ट्रॉबेरीच्या बिस्किटांत आणि गोळ्यांत सापडतो. अंडं म्हणजे ओव्हू, अनेकवचनी ओव्हूस.

घटकांच्या यादीखाली ठळक अक्षरांत 'आलेर्जिकूस' अशी एक ओळ असते आणि तिच्यात दूध, अंडी, शेंगदाणे, गहू, सोया यांपैकी काय आहे ते लिहिलेलं असतं. ही ओळ कायद्याने सक्तीची आहे. अंडं शोधायचं असेल तर पूर्ण यादी वाचू नका, थेट इथे या. तिथेच ग्लुतें, म्हणजे ग्लुटेन, आहे की नाही हेही लिहितात. पुढच्या बाजूला काळं भिंग छापलेलं दिसेल आणि त्याच्याशेजारी 'आउतू एं', म्हणजे 'याचं प्रमाण जास्त', असे शब्द: साखर, संपृक्त चरबी किंवा मीठ. ऑक्टोबर २०२२ पासून हे भिंग छापायला लागले. गोडाच्या रांगेत भिंग नसलेलं पाकीट शोधायला दुसरं भिंग लागेल. पिवळ्या त्रिकोणात 'टी' अक्षर म्हणजे जनुकबदल केलेलं पीक. मक्याच्या बहुतेक खाऊवर ते दिसतं.

कोणत्या दुकानात काय

सुपरमार्केट पाकीटबंद मालासाठी. आताकादू म्हणजे घाऊक गोदामवजा दुकानं, तिथे एकाच मालावर दोन किमती लावलेल्या असतात: एक सुट्या नगाची आणि दुसरी, कमी असलेली, तीन किंवा जास्त नग घेणाऱ्याची. घाईत मोठ्या अक्षरातली कमी किंमत वाचून एकच नग उचलला की बिलावर वेगळाच आकडा येतो. सुटे दाणे, काजू, सुकी फळं, शाबूकंदाची पिठं घ्यायला साओ पावलोत झोना सेरेआलिस्ता या भागात जा. आपल्या मार्केट यार्डाच्या भुसार बाजाराचा वास येतो तिथे. शेजारीच १९३३ सालचं मेर्कादाउँ, म्हणजे जुनं महापालिका बाजार, रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी एकदा बघण्यासारखं. फळवाले मात्र चवीला फोड हातात देतात आणि मग जो भाव सांगतात तो ऐकून फोड घशात अडकते.

ताजं आणि गरम खायचं असेल तर पादारिया, म्हणजे बेकरी. इथली बेकरी हे हॉटेलही असतं. बऱ्याच ठिकाणी आत शिरताना एक कार्ड किंवा चिठ्ठी देतात, तिला कोमांदा म्हणतात. जे खाल, जे घ्याल ते त्यावर चढत जातं आणि पैसे बाहेर पडताना गल्ल्यावर. ही चिठ्ठी हरवू नका, नाहीतर दारात मोठी वादावादी होते.

पहिली खरेदी: शेंगदाण्याची रांग

नवे लोक हमखास चॉकलेटपासून सुरुवात करतात. करू नका. चॉकलेट पळून जात नाही. शेंगदाण्याच्या, म्हणजे आमेंदोईंच्या रांगेत जा, कारण तिथे अर्धा महाराष्ट्र मांडलेला आहे.

पे-जी-मोलेकी, तो आगाऊ पोराचा पाय, म्हणजे चिक्की. कडक जात अगदी लोणावळ्याची. दुसरी एक मऊ जात असते, तिच्यात दूध किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात आणि ती चावायला खुटखुटीत नाही, ओलसर लागते. पाकीट दाबून बघा म्हणजे कळेल.

पासॉका ही माझी सगळ्यात लाडकी. भाजलेल्या दाण्यांचं कूट, साखर आणि चिमूटभर मीठ, दाबून बसवलेलं. बस्स. नावही तुपी भाषेतल्या कुटणे-चुरणे अशा अर्थाच्या शब्दावरून आलं आहे असं सांगतात, म्हणजे आपण ज्याला दाण्याचं कूट म्हणतो तेच. बुचाच्या आकाराची गोल पासॉका 'होल्या' नावाने मिळते. पासोकीता हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध ब्रँड, प्लॅस्टिकच्या गोल डब्यात येतो. चौकोनी वड्याही असतात. वेष्टन उघडताना हाताखाली ताटली धरा. ही वडी बघता बघता भुगा होते आणि पहिल्यांदा खाणाऱ्याची अर्धी पासॉका शर्टावर जाते. सांडलेला भुगा मी जमवून ठेवते आणि काकडीच्या कोशिंबिरीत घालते. नाक मुरडू नका, नाहीतरी आपण कोशिंबिरीत चिमूटभर साखर घालतोच.

एक सावधगिरी. ईशान्य ब्राझीलमध्ये पासॉका म्हणजे खारवून वाळवलेलं मांस आणि शाबूकंदाचा रवा एकत्र कुटून केलेला तिखटमिठाचा पदार्थ. त्या भागातल्या माणसाच्या दुकानात किंवा खानावळीत गेलात तर 'दोसी?', म्हणजे गोड का, एवढं विचारून घ्या.

हापादुरा म्हणजे गूळ. चिक्कीच्या शेजारी विटेच्या आकारात मिळतो, आपल्या गुळापेक्षा कडक. नवऱ्याने पहिली वीट फोडायला स्क्रूड्रायव्हर घेतला होता. पुरणपोळीला, तिळगुळाला, चहाला, सगळ्याला चालतो. फक्त किसून घ्या. घटकांत उसाच्या रसाखेरीज काही नको, तेवढं बघा. काही वड्यांत खोबरं, आलं किंवा शेंगदाणे घातलेले असतात, त्या नुसत्या खायला छान.

सुटे शेंगदाणे घ्यायचे तर साल काढलेले, भाजलेले, खारे असे सगळे मिळतात. 'आमेंदोईं जापोनेस' म्हणजे जपानी शेंगदाणा, पिठाचं कुरकुरीत कवच असलेला. आपल्या मसाला शेंगदाण्याचा बिनमसाल्याचा भाऊ. दाण्याच्या पाकिटावर चॉकलेट आणि शेंगदाणा उत्पादकांच्या संघटनेचा 'प्रो-आमेंदोईं' शिक्का असेल तर बुरशीच्या विषाची तपासणी झालेली असते. सुटे घेताना मी त्या शिक्क्याला मुकते, म्हणून खवट वास येतो का हे निदान बघून घेते.

दुसरी खरेदी: शाबूकंदाचं घराणं

आपण उपवासाला जे खातो त्यातलं निम्मं या खंडातून आलेलं आहे हे मला इथे येऊन उमगलं. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची आणि साबुदाणा ज्याच्या पिठापासून होतो तो शाबूकंद, सगळे अमेरिकेचे. टॅपिओका हा शब्दही तुपी. एकादशी आपली आणि फराळ यांचा.

शाबूकंदाला साओ पावलोत मांजोका, रिओत आइपीं आणि ईशान्येकडे माकाशेइरा म्हणतात. त्याच्या पिठाला पोल्व्हिल्यू. पोल्व्हिल्यू दोन जातींचं: दोसी म्हणजे साधं आणि अझेदू म्हणजे आंबवून उन्हात वाळवलेलं. अझेदू जातीत यीस्ट किंवा सोडा न घालताही पदार्थ फुलतो. बिस्कोइतू-जी-पोल्व्हिल्यू या नावाची हलकी, पोकळ कडी मिळतात, तोंडात ठेवताच विरघळतात. लहान मुलांना प्रवासात द्यायला याच्यासारखं काही नाही. रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर फेरीवाले ग्लोबू नावाची बिस्किटं विकतात, ती हीच. हिरव्या अक्षरांचं पाकीट खारं आणि लाल अक्षरांचं गोड. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र आलेर्जिकूसची ओळ वाचल्याशिवाय कोणतंही पोल्व्हिल्यूचं बिस्किट घेऊ नये, कारण बऱ्याच कंपन्या घालतात.

पाउँ-जी-केइजू, म्हणजे चीजचा पाव, याच पिठाचा. बाहेरून कडक, आतून चिवट. पहिल्यांदा बेकरीत गरम खा आणि मग गोठवलेल्या मालाच्या कपाटातून पिशवी आणा. मिनास जेराइस हे राज्य त्याचं माहेर, म्हणून पाकिटावर त्या राज्याचं नाव शोधा. फोर्नू-जी-मिनास हा सहज मिळणारा ब्रँड. गोळे वितळू न देता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. वितळवून ठेवले तर पसरून पापड होतात. मी केले आहेत. यात अंडं असतंच, आणि चीजसाठी वासराच्या पोटातलं विरजण वापरलं असू शकतं. कडक पाळणाऱ्यांनी हे सोडावं आणि 'गोमा-जी-टापिओका' घ्यावी.

गोमा म्हणजे ओलसर केलेलं शाबूकंदाचं पीठ, थंड कपाटात किंवा साध्या फळीवर पिशवीत मिळतं. कोरड्या तव्यावर, तेलाचा थेंब न घालता, चाळणीने पातळ थर पसरायचा. दोन मिनिटांत तो आपोआप चिकटून घावनासारखा उचलता येतो. आत खवलेलं खोबरं आणि गूळ. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी आषाढी एकादशीला हेच केलं आणि पुण्याला फोन करून जावेला कृती सांगितली.

आणखी दोन वस्तू. बाताता पाल्या म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या बारीक सळ्या, आपला उपवासाचा बटाट्याचा कीस जसाच्या तसा. इथे तो भातावर आणि हॉट डॉगवर घालतात. त्यात तळलेले दाणे, जिरेपूड, तिखट आणि पिठीसाखर घातली की चिवडा तयार. मांजोपां हे वाळवणाचं पाकीट: शाबूकंदाच्या पिठाच्या कडक चकत्या, घरी तेलात टाकल्या की फुलतात. साबुदाण्याच्या पापड्या ज्यांनी गच्चीवर राखल्या आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

सागू नावाने साबुदाणाही मिळतो. दक्षिणेकडच्या हिउ ग्रांजी दू सूल राज्यात तो लाल वाइनमध्ये साखर घालून शिजवतात. तयार वाटीत मिळणारा जांभळा सागू पोरांना देण्याआधी हे लक्षात असू द्या. कोरडा सागू आणून दुधात खीर करा.

तिसरी खरेदी: पेरू, दूध, खोबरं

गोयाबादा म्हणजे पेरूचा आटवलेला गर, वडीसारखा कापता येणारा. गोव्याकडची मंडळी लगेच ओळखतील: पेराड. कास्काउँ लिहिलेली गोयाबादा घ्या, तिच्यात पेरूच्या सालीचे तुकडे असतात आणि ती गुळगुळीत जातीपेक्षा फार सरस. मीठ कमी असलेल्या पांढऱ्या मिनास चीजच्या कापावर गोयाबादाचा काप ठेवून खातात, त्या जोडीला रोमियो-ज्युलिएट म्हणतात. चीज नको असेल तर पनीरच्या कापावर ठेवून बघा, बिघडत काही नाही. याच फळीवर बानानादा असते, केळ्याची आटवलेली वडी. आणि बानाना पासा दिसली तर वसईवाल्यांनी दोन पाकिटं उचलावीत, ती आपली सुकेळीच.

दोसी-जी-लेइची म्हणजे साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवलेलं दूध. बरणीतलं चमच्याने खायचं, वडीतलं कापून. वडीची चव कंदी पेढ्याच्या वाटेने जाते, वेलची मात्र नाही. मिनासमधल्या व्हिसोझा विद्यापीठाचं दोसी-जी-लेइची नावाजलेलं आहे. डबा दिसला तर सोडू नका.

कंडेन्स्ड मिल्कशिवाय इथलं गोडाचं पान हलत नाही. लेइची मोसा या डब्यावरची दुधाची घागर घेतलेली बाई बघून तुम्ही थबकाल, कारण ती भारतातल्या मिल्कमेडवरचीच बाई आहे. हा डबा घेताना नीट वाचा: 'लेइची कोंदेन्सादू' हवं. 'मिस्तुरा लाक्तिया' असं काही लिहिलं असेल तर ते दूध कमी करून, मठ्ठ्याचं पाणी आणि स्टार्च घालून केलेलं स्वस्त मिश्रण. डबा तसाच, फळी तीच, रंग तेच. नारळाच्या वड्या त्यात आळत नाहीत, हे मी दिवाळीच्या आदल्या रात्री शिकले.

याच दुधात कोको आणि लोणी घालून आटवलं की ब्रिगादेइरू, कोको वगळून खोबरं घातलं की बेइजिन्यू, म्हणजे छोटासा पापा. पहिल्याचं नाव १९४५ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या ब्रिगेडियर एदुआर्दू गोमेस यांच्यावरून पडल्याची गोष्ट सांगतात. ते हरले, लाडू जिंकला. वाढदिवसाला दोन्ही असतातच आणि दोन्हींत सहसा अंडं नसतं. काजूझिन्यू मात्र फसवं नाव: काजूच्या आकाराचा असतो, पण आत शेंगदाणा. खरा काजू खायचा तर त्याच्या बोंडाचा रस घ्या, बाटलीत मिळतो. कोकणातल्या माणसाला बोंडूचा वास बुच उघडताच लागेल.

कोकादा म्हणजे नारळाची वडी. पांढरी, आणि साखर जाळून केलेली तपकिरी. तपकिरी घ्या. किंजीं हे पिवळंधमक, चकचकीत दिसतं, तेही खोबऱ्याचं, पण अंड्याच्या बलकाने भरलेलं.

चॉकलेट आणि बिस्किटं, थोडक्यात

लाक्ता कंपनीचं बिस नावाचं पातळ वेफर, १९३८ पासूनचं गुलाबी कागदातलं सोन्यू-जी-व्हाल्सा, आणि गारोतू कंपनीचा पिवळा मिश्र डबा. पाहुण्यांकडे जाताना हा डबा नेला की प्रश्न मिटतो. 'साबोर शोकोलाची' लिहिलं असेल तर ते चॉकलेट नाही, चॉकलेटचा स्वाद आहे. बिस्किटाला रिओवाले बिस्कोइतू आणि साओ पावलोवाले बोलाशा म्हणतात. या वादात पडू नका, दोन्हीकडचे लोक गंभीर आहेत. सेकील्यू नावाची बिस्किटं नानखटाईसारखी भुरभुरीत असतात, चहाबरोबर तीच घ्या.

तिखट शोधत असाल तर थांबा. इथल्या बहुतेक खाऱ्या खाऊत तिखट नसतं. मी पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी ठेवते.

चौथी खरेदी: गरम खारं

बेकरीत तळलेल्या-भाजलेल्या सगळ्याला मिळून साल्गादू म्हणतात. शाकाहारी माणसाने विचारायचे सारणाचे शब्द चारच: केइजू म्हणजे चीज, पाउमितू म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा, मील्यू म्हणजे मका, एस्पिनाफ्री म्हणजे पालक. पाउमितूची एम्पादा, म्हणजे छोटी झाकणाची पुरी, मिळाली तर बाकी काही बघू नका. फक्त पारीत बान्या आहे का ते विचारा. बोलिन्या-जी-केइजू हे चीजचे तळलेले गोळे मुलांना आवडतात, पण केइजूच्या जोडीला प्रेझुंतू असण्याची खोड इथे फार आहे. 'सो केइजू?', फक्त चीज ना, हा प्रश्न दोनदा विचारा.

पास्तेऊ मात्र बेकरीत नको, फेइरामध्ये खा. फेइरा म्हणजे आठवडी बाजार, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्यावर भरतो. पातळ पारीचा, वहीच्या पानाएवढा, करंजीच्या नात्यातला पास्तेऊ समोर तळून देतात आणि सोबत काउदू-जी-काना, म्हणजे उसाचा रस. चरकाचा आवाज ऐकला की रसवंतीच्या घुंगरांची आठवण येतेच. रसात लिंबू किंवा अननस घालून मागता येतो. कढई सगळ्या सारणांना एकच असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी नुसता रस प्यावा. फेइरा आवरायच्या वेळेला शेपा म्हणतात, तेव्हा फळांचे भाव पडतात.

गल्ल्यावर

मुलगी तीन गोष्टी विचारेल आणि तिन्ही एका श्वासात. पहिली, 'सेपेएफी ना नोता?' म्हणजे बिलावर तुमचा कर क्रमांक घालायचा का. क्रमांक अजून आला नसेल तर 'नाउँ, ओब्रिगादा', पुरुषांनी ओब्रिगादू. दुसरी, क्रेडिट की डेबिट. फोनवरून पैसे देणार असाल तर 'पिक्स' म्हणा. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही पद्धत आपल्या यूपीआयसारखी आहे. तिसरी, पिशवी हवी का. साओ पावलोत पिशवीचे पैसे पडतात, घरून कापडी न्या. भारतातून आई-वडील आले असतील तर 'प्रेफेरेन्सियाऊ' पाटीच्या रांगेत उभे राहा. साठीच्या पुढच्यांना, गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना तिथे पहिला मान आहे आणि लोक तो खरोखर देतात.

कधी काय

जून महिना आपला. सेंट जॉनच्या सणाच्या, म्हणजे २४ जूनच्या आसपास दुकानाच्या तोंडाशीच चिक्की, पासॉका, मक्याचे पदार्थ यांचे ढीग लागतात. पामोन्या म्हणजे मक्याच्या किसाची पानात बांधून उकडलेली वडी, ताजीच घ्या. कांजिका साओ पावलोत पांढऱ्या मक्याच्या दाण्यांची खीर असते, ईशान्येत त्याच नावाने मक्याचा पिवळा लगदा मिळतो. ईस्टरच्या आधी डोक्यावर मांडव घालून चॉकलेटची अंडी द्राक्षांसारखी टांगतात, खालून उंच माणसाने जपून जावं. २७ सप्टेंबरला कोस्मी आणि दामियाउँ या संतांच्या नावाने रिओत मुलांना खाऊच्या पिशव्या वाटतात. त्या आठवड्यात मिश्र खाऊ स्वस्त मिळतो.

सुट्टीला घरी जाताना पासॉका न्यायची तर डब्यातलीच, सुटी नेली तर पुण्याला कूट पोचतं. चॉकलेट मे महिन्यात नेऊ नका. गोयाबादाची सीलबंद वीट सगळ्यात चांगली, टिकते आणि फुटत नाही. हातातल्या बॅगेत मात्र ठेवू नका, तपासणीत ती भलतीच काहीतरी दिसते. मी गेल्या वर्षी एक वीट शेजारच्या मडगावच्या काकूंना दिली. त्यांनी चाकू आणला, कोपरा कापला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगो, हें पेराड. इतक्या लांबून आणलंस? मागितलं असतंस तर मीच करून दिलं असतं."